पट्टा पाठीचा की पोटाचा? भारोत्तोलकांच्या कंबरपट्ट्याचा इतिहास

गेल्या महिन्यात धाकट्या मावसभावाने मला दोन छायाचित्रे पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली: 'ताई, यातला कुठला घेऊ?' दोन्ही छायाचित्रे कंबरपट्ट्यांची होती. पहिला पाठीमागे सुमारे १५ सेंटिमीटर रुंद, आतून फोमची गादी लावलेला आणि बक्कलापाशी येईतो निम्म्याहून अरुंद झालेला. दुसरा चहूबाजूंनी सारखाच १० सेंटिमीटर रुंद. जाड, ताठ, पाहताक्षणी कुणाला आवडू नये असा, आणि किंमत पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. मुलगा १९ वर्षांचा आहे. दिवाळीआधी डेडलिफ्ट करताना त्याची कंबर धरली होती आणि पट्टा बांधला की पुन्हा जड वजन बिनधास्त घेता येते, असे व्यायामशाळेतल्या कुणीतरी त्याला सांगितले होते.

मी स्वतः स्क्वॉट करते, पण बेताचाच. शिक्षण इतिहासाचे, त्यामुळे साध्या प्रश्नाचे उत्तरही जुन्या कागदांत धुंडाळण्याची खोड जडली आहे. त्याला उत्तर द्यायला मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत जे हाती आले, तो आजचा धागा.

आरंभ भाषेपासून करू, कारण आपली पहिली चूक तिथेच होते. मराठीत निर्धार म्हणजे कंबर कसणे. संस्कृतातून आलेले 'कटिबद्ध' आणि 'बद्धपरिकर' हे शब्दही शब्दशः कंबर बांधलेल्या माणसाचेच. कमरेला शेला आवळून लढाईला निघणारा शिलेदार आणि पदर खोचून कामाला भिडणारी बाई, दोघांची प्रतिमा एकच. यावरून 'आपल्या पूर्वजांना कंबरपट्ट्याचे शास्त्र ठाऊक होते' असा निष्कर्ष काढणारे लेख समाजमाध्यमांवर फिरत असतात. मित्रहो, सावध राहा. शेला बांधला जाई तो सैल वस्त्र आवरण्यासाठी आणि शस्त्र खोचण्यासाठी. मणक्याशी त्याचा संबंध जोडणारा पुरावा मला कुठे आढळला नाही. आखाड्यातला लंगोटही वेगळ्याच कामाचा. गळ्यात दगडी नाल अडकवून बैठका मारणारे मल्ल होते हे खरे. तथापि आखाड्याच्या तालमीचा भर मुख्यतः संख्येवर होता. शेकडो बैठका, शेकडो जोर. एकाच उठावासाठी खांद्यावर दोनशे किलो पेलायचे ही कल्पनाच तिथली नव्हे. मग तिच्यासाठीचा पट्टा कुठून येणार?

ती कल्पना आली युरोप-अमेरिकेच्या रंगमंचावरून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्कशीत आणि नाट्यगृहांत बलप्रदर्शन करणाऱ्या मल्लांची छायाचित्रे पाहिली तर अनेकांच्या कमरेला रुंद चामडी पट्टा दिसतो. त्याच काळात पट्टा हे विजयचिन्हही होते. १८६० साली इंग्लंडचा टॉम सेयर्स आणि अमेरिकेचा जॉन हीनन यांची गाजलेली मुष्टियुद्धाची लढत अनिर्णित राहिली, तेव्हा दोघांनाही पट्टे देण्यात आले. १९०९ पासून ब्रिटिश मुष्टियोद्ध्यांना लॉन्सडेल पट्टा मिळू लागला. म्हणजे बलवान माणसाच्या कमरेला पट्टा शोभतो, ही प्रेक्षकांची अपेक्षा आधीच घडलेली होती. या मंचावरचा सर्वांत प्रसिद्ध पुरुष युजेन सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानचा दौरा करून गेला आणि आपल्या घराघरांत वाळत घातलेल्या 'सँडो' बनियनला नाव देऊन गेला. पट्ट्याचा वारसा मात्र त्याने मागे ठेवला नाही.

खांद्यावर जड बारबेल घेऊन पूर्ण खाली बसण्याचा प्रकार अमेरिकेत रुळवण्याचे श्रेय बहुधा हेन्री स्टाइनबॉर्न या जर्मन मल्लाला दिले जाते. तो १९२१ साली अमेरिकेत आला. तेव्हा स्क्वॉटसाठी आजच्यासारखे स्टँड नव्हते. तो बारबेल एका टोकावर उभा करी, त्याखाली स्वतः शिरे, तो खांद्यावर आडवा पाडून घेई आणि मग उठे. हे घरी करून पाहू नका.

आता मुख्य मुद्दा. पाठीमागे रुंद आणि पुढे अरुंद असा पट्ट्याचा आकार आला कुठून?

१९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकपासून भारोत्तोलनात तीन प्रकार होते: प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. यातल्या प्रेसमध्ये बारबेल खांद्यावर आणून, गुडघे न वाकवता, केवळ हातांच्या जोरावर डोक्यावर न्यायचा असे. नियम साधा होता. पण वजने वाढत गेली तसे भारोत्तोलक कमरेतून मागे झुकू लागले. पुढे पुढे ही झुकण इतकी वाढली की काही उठाव उभ्याने केलेल्या बेंचप्रेससारखे दिसत. किती झुकणे वैध आणि किती अवैध, यावर पंचांचे एकमत होईना. सोव्हिएत संघाच्या वासिली अलेक्सेयेवने १९७२ मध्ये प्रेसचा विक्रम २३६.५ किलोंवर नेला आणि त्याच वर्षीच्या म्युनिक ऑलिंपिकनंतर हा प्रकार कायमचा वगळण्यात आला. त्या पर्वाची छायाचित्रे डोळ्यांसमोर आणा: डोक्यावर दोनशे किलो, पाठ धनुष्यासारखी मागे वाकलेली. अशा वेळी कमरेच्या मागच्या बाजूला रुंद चामड्याचा आधार हवासा वाटणे स्वाभाविक आहे. पुढची बाजू अरुंद असण्यालाही कारण होते. स्नॅच आणि क्लीनमध्ये बार मांड्यांवरून पोटाजवळून वर सरकतो आणि लगेच खोल बसावे लागते. तिथे रुंद पट्टा आणि मोठे बक्कल आडवे येते.

या आकाराचा जन्म नेमका प्रेसमुळेच झाला, असे मी ठामपणे म्हणणार नाही. ते माझे अनुमान आहे. परंतु तो आकार ज्या खेळात रुजला त्यात ना स्क्वॉटची स्पर्धा होती ना डेडलिफ्टची, हे निर्विवाद. आज हाच आकार व्यायामशाळांत सर्वांत जास्त दिसतो, आणि तोही फुगवून. ऑलिंपिक भारोत्तोलनाच्या नियमांत पट्ट्याची कमाल रुंदी १२ सेंटिमीटर आहे. भावाने पाठवलेला १५ सेंटिमीटरचा पट्टा, ज्या खेळाची तो नक्कल करतो, त्या खेळातही चालणार नाही.

दुसऱ्या पट्ट्याची वंशावळ निराळी. साठच्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये स्क्वॉट, बेंचप्रेस आणि डेडलिफ्ट या तिघांचा स्वतंत्र खेळ आकाराला आला. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ स्थापन झाला. म्हणजे ज्या वर्षी प्रेस गेला, त्याच वर्षी. (योगायोगच; पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला असे योगायोग सोडवत नाहीत.) या महासंघाच्या नियमांत पट्टा कमाल १० सेंटिमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर जाड असू शकतो, आत वा बाहेर कोणतीही गादी, कोणताही जादा आधार चालत नाही. मर्यादा ठरली की बनवणारे तिच्या टोकापर्यंत जाणारच. रुंदी १० च असेल तर ती केवळ पाठीला का, पोटालाही का नको? त्यातून चहूबाजूंनी सारखा पट्टा रूढ झाला. भारोत्तोलकांना जे अनुभवातून उमगले होते, त्याचे स्पष्टीकरण प्रयोगशाळांत आधीच सुरू झाले होते.

त्या स्पष्टीकरणाची सुरुवात चक्क कानापासून होते. बोलोन्याचा शरीरशास्त्रज्ञ अंतोनियो मारिया वाल्साल्वा याने १७०४ साली कानावर ग्रंथ लिहिला. नाक-तोंड बंद करून श्वास जोराने बाहेर ढकलण्याची जी क्रिया आज त्याच्या नावाने ओळखली जाते, ती त्याने मधल्या कानातला पू बाहेर काढण्यासाठी सांगितली होती. जड वजन उचलताना आपण नकळत तेच करतो: श्वास भरतो, कंठ मिटतो, पोट आवळतो. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, भोवती स्नायूंची भिंत. उदरपोकळी हवा भरलेल्या चेंडूसारखी ताठ होते.

१९५७ मध्ये बार्टेलिंक यांनी मांडले की हा पोटातला दाब मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार हलका करत असावा. १९६१ मध्ये मॉरिस, ल्युकस आणि ब्रेस्लर यांनी गणित मांडून दाखवले की कमरेच्या तळाच्या चकतीवरचा भार सुमारे ३० टक्क्यांनी कमी होत असावा. पुढे १९८७ मध्ये मॅकगिल आणि नॉर्मन यांनी हे गणित पुन्हा तपासले आणि भार घटतो या दाव्यावर प्रश्नचिन्ह लावले. कारण दाब निर्माण करायला जे स्नायू आवळावे लागतात, तेही कण्याला दाबतातच. आज अधिक मान्य असलेले म्हणणे असे की दाबामुळे धड ताठ राहते, कणा डगमगत नाही. १९८९ मध्ये हारमन आणि सहकाऱ्यांनी नऊ जणांकडून कमाल क्षमतेच्या ९० टक्के वजनाचे डेडलिफ्ट पट्ट्यासह आणि पट्ट्याविना करवून घेतले. पट्टा असताना पोटातला दाब लवकर चढला आणि अधिक वर गेला.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पट्टा पाठीला टेकू देत नाही. पोटाने ढकलावे यासाठी तो एक भिंत उभी करतो, आणि ती भिंत पुढच्या बाजूलाही लागते. मागे रुंद, पुढे चिंचोळा, वर मऊ गादी असलेल्या पट्ट्यात ढकलायला काही उरतच नाही. भावाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच मिळाले.

उरलेले निम्मे अधिक अवघड होते. त्याला पट्टा हवा होता तो दुखरी कंबर झाकण्यासाठी. आणि इथे या कथेत त्याचे वडील, म्हणजे माझे काका, येतात. ते एका गोदामात माल चढवतात-उतरवतात. काही वर्षांपूर्वी तिथे सर्वांना लवचीक कंबरपट्टे वाटले गेले. गोण्यांचे वजन आणि फेऱ्यांची संख्या मात्र तीच राहिली. काका तो पट्टा डब्याच्या पिशवीत ठेवतात, मुकादम येताना दिसला की बांधतात. मला हे ऐकून हसू आले होते. नंतर वाचन केले तेव्हा हसू मावळले. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९४ मध्येच सांगितले होते की धडधाकट कामगारांना असे पट्टे इजेपासून वाचवतात याला पुरेसा आधार नाही. २००० साली १६० नव्या दुकानांतील हजारो कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही दुकानांत पट्टा सक्तीचा होता, काहींत ऐच्छिक. पाठदुखीत वा पाठीच्या दुखापतींच्या दाव्यांत फरक आढळला नाही. गोदामातला लवचीक पट्टा आणि खेळाडूचा चामडी पट्टा एक नव्हेत, ही मर्यादा मान्य. पण 'पट्टा आहे, म्हणून पाठ सुरक्षित' हे वाक्य दोन्हीकडे एकाच अंधश्रद्धेतून येते.

आणि पट्ट्याविना काय होते? २००९ मध्ये लाटव्हियाच्या कॉन्स्तान्तिन कॉन्स्तान्तिनोव्हने पट्टा न बांधता ४२६ किलोंचा डेडलिफ्ट केला. याचा अर्थ पट्टा निरुपयोगी असा नाही. बहुतेक जण पट्ट्यासह अधिकच उचलतात. अर्थ एवढाच, की भिंतीवर ढकलणारे पोट आधी तयार असावे लागते.

तेव्हा मी त्याला जे लिहिले ते असे. आधी कंबर डॉक्टरांना दाखव. दुखणे असताना पट्ट्याचा विषय नको. रक्तदाबही मोजून घे. १९८५ च्या एका कॅनडियन अभ्यासात जड लेगप्रेस करताना सरासरी रक्तदाब ३२०/२५० पर्यंत गेला होता, आणि श्वास कोंडून पट्ट्यावर ढकलणे त्याच दिशेचे आहे. मग दोन-तीन महिने पट्ट्याविना श्वास भरून पोट ताठ करायला शीक. त्यानंतर १० सेंटिमीटरचा, सर्वत्र सारखा पट्टा घे. जाडी १० मिलिमीटरची पुरे; १३ चा मऊ पडायला फार दिवस लागतात आणि तोवर बरगड्या सोलून निघतात. बक्कल एका काट्याचे घे. दोन काट्यांचे लावताना घाम फुटतो. लिव्हरचा पट्टा झटकन लागतो नि सुटतो, परंतु माप बदलायचे तर सहसा स्क्रूड्रायव्हर लागतो. आणि तुला माप बदलावे लागेल, कारण डेडलिफ्टला वाकताना स्क्वॉटइतका घट्ट पट्टा बहुतेकांना सोसत नाही. एक छिद्र सैल, बोटभर वर. धड आखूड असेल, बरगडी आणि कमरेचे हाड यांत जागाच नसेल, तर डेडलिफ्टला साडेसात सेंटिमीटरचा पट्टा वापरणारेही आहेत. हलक्या वजनांना बांधू नकोस.

त्याने सगळे वाचले की नाही, देव जाणे. दोन दिवसांनी उत्तर आले: 'ताई, डॉक्टरांनी सहा आठवडे थांबायला सांगितलंय. पट्टा तोवर मागवून ठेवू का? पँट ३० ची लागते.' मी कळवले की पँटचे माप चालत नाही; बेंबीच्या रेषेत टेप धरून, पोट आत न घेता मोज. संध्याकाळी छायाचित्र आले. टेप धरलेला हात काकांचा होता आणि आकडा होता ३३.