चुलीचा धूर आणि टाकीतला कोळसा

१८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्याच्या गॅसवर इंजिन चाललं. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेलांनी तरंगत्या लोखंडी टोपाचा गोबरगॅस बनवला. जुहूशेजारी इर्ल्याला कचेरी असलेल्या खादी ग्रामोद्योग आयोगानं साठच्या दशकापासून तो गावोगाव नेला. बायांच्या डोळ्यांतला धूर गेला. पण थंडीत गॅस मंदावला की पुन्हा सरपण आणावं लागे.

गॅस बनवणारे जंतू एकमेकांच्या आधारानं जगतात. कोळशाचे कण त्यांच्यात तारेसारखे वीज पोहोचवतात, त्यामुळे गॅस लवकर धरतो, असं गेल्या पंधराएक वर्षांतल्या प्रयोगांत दिसलं. टाकीत काही घालण्याआधी मात्र जाणकाराला विचारा. रोज शेणाइतकंच पाणी, हा जुना नियम आजही पहिला.