मुल्की होण्याचा कागद

परदेशी नोकरीला निघालेल्या मुलांची व्हिसाच्या कागदांसाठी चाललेली धावपळ पाहिली, की मला आजोबांचा एक कागद आठवतो. आजोबा सोलापूरचे. १९२२ साली वाडीला गाडी बदलून हैदराबादला आले आणि एका ठेकेदाराकडे ओव्हरसियर म्हणून लागले. हाताशी शिक्षण होतं, पण सरकारी नोकरीची वाट बंद होती. कारण ते गैरमुल्की.

१९१९ च्या निजामी फर्मानानुसार खास मंजुरीशिवाय गैरमुल्की माणसाला वरच्या काय, खालच्या जागेवरही नेमता येत नसे. मुल्की कोण? ज्याचा बाप मुल्की तो. मुल्की नवऱ्याची बायको. बाहेरून आलेल्यानं संस्थानात किमान पंधरा वर्षं कायमचं राहायचं, आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचं प्रतिज्ञापत्र ठराविक नमुन्यात मॅजिस्ट्रेटकडून साक्षांकित करून घ्यायचं. मी इंजिनियर माणूस. पंधरा वर्षं मोजता येतात, हे मला कळतं. परतीचा विचार सुटला की नाही हे मॅजिस्ट्रेट कशावरून ठरवत असेल, देव जाणे!

यात भाषेचा काही संबंध नव्हता. नळदुर्ग निजामाकडे, सोलापूर मुंबई इलाख्यात. त्यामुळे नळदुर्गचा मराठी माणूस मुल्की आणि शेजारच्या सोलापूरचा परका.

तरी मुल्कींची तक्रार खोटी होती असं मी म्हणणार नाही. सालारजंगांच्या काळापासून उत्तर हिंदुस्थानातून माणसं आणून मोठ्या जागांवर बसवली गेली होती. इथल्या शिकलेल्या पोरांनी काय करायचं? बाहेरच्यांची गरजही पडायचीच म्हणा. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनाच बोलवावं लागलं.

१९५६ मध्ये हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटलं गेलं, पण नियम काही मेले नाहीत. ते अजून लागू आहेत असा निकाल सुप्रीम कोर्टानं १९७२ च्या ऑक्टोबरात दिला, त्यावरून आंध्रात मोठं आंदोलन पेटलं, आणि मग १९७३ च्या कायद्यानं ते रद्द झाले.

आजोबांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली ती १९३७ साली. वडील त्यानंतरचे, म्हणून जन्मतः मुल्की. सोलापूरच्या वाड्यातला आपला वाटा मात्र आजोबांनी शेवटपर्यंत विकला नाही. त्याच्या घरपट्टीच्या पावत्या आमच्या ट्रंकेत त्याच कागदाखाली बांधून ठेवलेल्या आहेत.