संशयाची नोंदवही, तपासणीचा रकाना

बीडमधल्या तृतीयपंथीयांच्या रक्तदाबाबद्दल, मधुमेहाबद्दल लिहायचं तर मला १९१९ पासून सुरुवात करावी लागते. तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या वर्षी, म्हणजे १३२९ फसलीत, संस्थानाने हिजड्यांविषयी कायदा केला. मुलं पळवल्याचा संशय असलेल्या हिजड्यांची नोंदवही ठेवायची. हैदराबाद शहरात आणि सरकार जाहीर करील त्या इतर ठिकाणी. नोंद झालेली व्यक्ती बायकी कपड्यांत रस्त्यावर दिसली किंवा नाचली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातही असंच कलम होतं.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेलंगणात मात्र हा कायदा कागदावर राहिला. तिथल्या उच्च न्यायालयाने तो थेट २०२३ मध्ये रद्द केला.

सरकारी वहीत नाव जाणं म्हणजे संकट, ही भीती अशी पिकली. आणि रक्तदाब, मधुमेह तर सुरुवातीला दुखत-खुपत नाहीत. मोजल्याशिवाय, नोंदवल्याशिवाय ते सापडतच नाहीत.

आता नोंद कशी होते ते पाहा. आशाताई तिशीपुढच्या लोकांचा फॉर्म भरतात: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार. गुणांची बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला प्राधान्य. घेराला मोजपट्ट्या दोनच. ८५ सेंटिमीटरला बाईच्या रकान्यात एक गुण, पुरुषाच्या रकान्यात शून्य. मी सॉफ्टवेअर लिहितो. रकाना चुकला की पुढचं सगळं गणित चुकतं, हे रोज पाहतो.

शिवाय काही प्रश्न फॉर्मवर नाहीतच. डॉक्टरांना न विचारता गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या, त्यात तंबाखू ओढली, तर रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. अंडकोष काढल्यावर हार्मोन मिळाले नाहीत, तर हाडं ठिसूळ होतात. आरोग्य योजनांनी या समाजाला शोधलं ते मुख्यतः एचआयव्हीसाठी. साखर मोजायचं राहून गेलं.

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा 'इतर' असा पर्याय आला. महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद झाली. २०२२ मध्ये आयुष्मान भारतअंतर्गत तृतीयपंथीयांसाठी वर्षाला पाच लाखांचं विमाकवच जाहीर झालं. त्यासाठी लागणारं ओळखपत्र जिल्हाधिकारी देतात. म्हणजे पुन्हा सरकारी नोंद.

ही वही उपचारांसाठी आहे, हे पटवून देणं आता सरकारचं काम आहे. आशाताईंच्या फॉर्मवर हार्मोनचा एक प्रश्न आणि तिसरा रकाना, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.