लांकडांतील पाण्याचा हिशेब

लांकूड आणि पाणी यांचा संबंध झाड मुळांवर उभें असेपर्यंतच असतो, आणि कुऱ्हाडीचा घाव पडतांच तो तुटतो, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. तोडलेल्या झाडाचें दार झालें, तुळई झाली, पेटी झाली, तरी त्या लांकडाची हवेशीं चाललेली देवघेव थांबत नाहीं. पावसाळ्यांत हवा ओली झाली म्हणजे तें हवेंतील बाष्प आंत घेतें आणि फुगतें; उन्हाळ्यांत तेंच बाष्प परत देतें आणि आकसतें. आषाढांत चौकटींत घट्ट अडकणारें दार वैशाखांत खुळखुळूं लागतें, याचें कारण बहुधा सुताराची हयगय हें नसून ही देवघेव हेंच असतें. लांकडांत पाणी किती आहे हें मोजावें कसें, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचें उत्तर वेळेवर न मिळाल्यामुळें लढाऊ जहाजें बंदरांतच कुजलीं, आणि तें मिळविण्यासाठीं शास्त्रज्ञांना तराजूपासून विद्युत्प्रवाहापर्यंतचा लांबचा प्रवास करावा लागला.

जुन्या काळीं हें मोजमाप आंकड्यांनीं होत नसे. सुतार फळी हातावर तोलून पाही, बोटाच्या पेरानें ठोकून तिचा आवाज ऐके, रंध्याखालून निघणारा पापुद्रा चुरगाळून पाही. ओल्या फळीचा आवाज बद्द, कोरडीचा खणखणीत. फळी केव्हां वापरावी याचा निर्णय त्याचे कान आणि हात देत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हियस यानें तर वाळवणीचा आरंभ झाड उभें असतांनाच करण्यास सांगितलें आहे. त्याच्या मतें इमारतीचें झाड शरदाच्या आरंभापासून वसंतांतील पश्चिमेचा वारा सुटेपर्यंतच्या काळांत तोडावें, आणि तेंहि एकदम न पाडतां बुंधा गाभ्यापर्यंत छेदून तसेंच उभें ठेवावें, म्हणजे आंतील रस ठिबकून जातो. ब्रह्मदेशांतील सागाच्या जंगलांतहि याच जातीची पद्धत रूढ होती. सागाच्या बुंध्याभोंवतीं खोल खांच घेऊन झाड दोन-तीन वर्षें उभ्या उभ्या वाळूं देत. कारण ओला साग पाण्यांत बुडतो, वाळलेला तरंगतो, आणि इरावतीच्या प्रवाहांतून ओंडके खालीं आणावयाचे तर ते तरंगणें अवश्य होतें. १८५६ मध्यें पेगूच्या जंगलांची व्यवस्था पाहूं लागलेल्या डीट्रिच ब्रँडिस यांच्या काळांतहि ही पद्धत चालू राहिली. नदी हाच तेथला मापक होता: ओंडका तरला तर वाळला, बुडाला तर ओला.

अशा ढोबळ कसोट्या जेथें दुर्लक्षिल्या गेल्या तेथें त्याचें प्रायश्चित्त मोठें झालें. इंग्लंडच्या आरमाराचा कारभार पाहणाऱ्या सॅम्युएल पीप्स यानें १६९० मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या वृत्तांतांत नव्या जहाजांच्या पोटांत मुठीएवढाल्या भूछत्र्या स्वतः खुडल्याचें नमूद केलें आहे. सव्वाशें वर्षांनंतरहि धडा शिकला गेला नव्हता. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धाच्या घाईंत न वाळलेल्या लांकडांचीं जहाजें बांधलीं जाऊं लागलीं. १८१० मध्यें पाण्यांत सोडलेली ‘क्वीन शार्लट’ ही मोठी युद्धनौका समुद्रावर कामगिरीस निघण्यापूर्वींच बुरशीनें इतकी पोखरली कीं तिची मोठी दुरुस्ती करावी लागली. इंग्रजींत या रोगास ‘ड्राय रॉट’, म्हणजे कोरडी कूज, असें नांव आहे. तें फसवें आहे. ही बुरशी कोरड्या लांकडावर रुजूं शकत नाहीं. तिला पाणी लागतेंच. कुजून गेल्यावर लांकूड कोरडें आणि ठिसूळ दिसतें, एवढ्यावरून तें नांव पडलें. लांकडांतील पाण्याचें प्रमाण शेंकडा २० च्या खालीं ठेवलें तर कूज लागण्याचें भय सहसा राहत नाहीं, हें आज प्रत्येक अभियंत्यास ठाऊक आहे. त्या काळीं तें सांगणारा आंकडाच नव्हता.

त्याच सुमारास, १८१७ मध्यें, मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका तयार झाली. ती आज दोनशें वर्षांनंतरहि इंग्लंडमधील हार्टलपूल येथें पाण्यावर उभी आहे. याचें सर्व श्रेय वाळवणीस देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. सागाच्या अंगचें तेल कुजीस अडवितें, आणि साग आकसतोहि इतर पुष्कळ लांकडांहून कमी. ओला साग पूर्ण सुकेपर्यंत वलयांच्या दिशेनें शेंकडा सहाच्या आंतबाहेर आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनें शेंकडा अडीचच्या सुमारास आकसतो. लांबीच्या दिशेनें तर जवळजवळ मुळींच नाहीं. दोन दिशांमधील हें अंतर जितकें अधिक, तितकी फळी पिळवटण्याची भीति अधिक.

कानाच्या आणि हाताच्या जागीं तराजू आणण्याचें श्रेय अठराव्या शतकांतील फ्रेंच शास्त्रज्ञांकडे जातें. ब्युफाँ यानें ओकचें लांकूड वर्षानुवर्षें पुनःपुन्हां तोलून तें वाळतांना वजन कसें उतरतें याची नोंद ठेवली, आणि आरमारासाठीं लांकडाचा अभ्यास करणाऱ्या द्युआमेल द्यु माँसो यानें १७६० नंतरच्या दशकांत या विषयावर मोठे ग्रंथ लिहिले. आजहि अंतिम प्रमाण मानली जाते ती रीत मूळांत हीच आहे. लांकडाचा तुकडा प्रथम तोलावयाचा, मग सुमारें १०३ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या भट्टींत वजन उतरण्याचें थांबेपर्यंत सुकवावयाचा, आणि पुन्हां तोलावयाचा. उडून गेलेल्या पाण्याचें वजन कोरड्या लांकडाच्या वजनाच्या प्रमाणांत मांडावयाचें. १५० ग्रॅमचा तुकडा सुकून १२० ग्रॅम झाला, तर पाणी ३० ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या शेंकडा २५. भाजक कोरडें लांकूड असल्यामुळें नुकत्याच तोडलेल्या कांहीं झाडांत हें प्रमाण शेंकडा शंभरावरहि जातें. ऐकणारास तें चमत्कारिक वाटतें. पण लांकडापेक्षां त्यांतील पाण्याचें वजन अधिक, एवढाच त्याचा अर्थ.

या आंकड्यांना अर्थ दिला तो अमेरिकेच्या वनखात्यांतील हॅरी टीमन यानें. १९०६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रयोगांत त्यानें दाखविलें कीं, लांकडांत पाणी दोन प्रकारें राहतें. कांहीं पाणी पेशींच्या पोकळींत मोकळें असतें, आणि कांहीं पेशींच्या भिंतींत मुरलेलें असतें. सुकतांना मोकळें पाणी आधीं निघून जातें. तेव्हां वजन उतरतें, पण आकार बदलत नाहीं आणि ताकदहि बदलत नाहीं. भिंतींतलें पाणी जाऊं लागलें म्हणजे मात्र लांकूड आकसतें आणि बळकट होतें. हा सांधा शेंकडा २५ ते ३० च्या दरम्यान येतो. ओल्या लांकडाच्या कोठारांत महिनोन्महिने फळ्या न बदलतां पडून राहतात आणि मग एकाएकीं तडकूं लागतात, या जुन्या कोड्याचा उलगडा त्यामुळें झाला.

लौकरच या ज्ञानाची कसोटी लागली. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांतील विमानांचा सांगाडा लांकडाचा असे, आणि त्यासाठीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्प्रूस लांकूड लागे. हवेवर वाळवावें तर तें काम फार दिवसांचें, आणि युद्धास तेवढा धीर नव्हता. भट्टींत भरभर वाळवावें तर बाहेरचें कवच आधीं सुकून कठीण होई, आंतला गाभा ओला राही, आणि पुढें त्याला आंतून भेगा पडत. उडत्या विमानाच्या पंखांतील अशी भेग म्हणजे वैमानिकाचा प्राण. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथें १९१० मध्यें स्थापन झालेल्या वनोत्पादन प्रयोगशाळेनें भट्टीच्या उष्णतेबरोबरच तिच्यांतील हवेचा ओलावाहि ताब्यांत ठेवण्याची रीत बसविली. हिंदुस्थानांत देहरादूनची वनसंशोधन संस्था १९०६ मध्यें निघाली होती. तेथेंहि पुढें देशी लांकडांच्या वाळवणीचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

तथापि तराजूच्या रीतींत एक मोठी उणीव होती. तुकडा कापावा लागे, आणि निकालासाठीं एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ थांबावें लागे. विमानाचा पंख किंवा घराची तुळई यांचा तुकडा कापून त्यांची प्रकृति कशी पाहणार? रोग्याचें बोट तोडून ताप मोजण्यासारखेंच तें झालें असतें. या अडचणींतून विजेनें वाट काढली. कोरडें लांकूड विजेस जवळजवळ वाहूंच देत नाहीं; पाणी वाढलें म्हणजे तिचा मार्ग झपाट्यानें मोकळा होतो. मॅडिसनच्याच प्रयोगशाळेंतील आल्फ्रेड स्टॅम यानें १९२७ मध्यें या दोहोंमधील नियमबद्ध संबंध दाखवून दिला. हा फरक किती प्रचंड असतो याची कल्पना डग्लस फर या लांकडावरून येईल. दोन सुयांमधील विद्युद्रोध शेंकडा ७ पाणी असतां सुमारें २२,००० मेगओहम भरतो, शेंकडा १२ असतां सुमारें १२० उरतो, आणि शेंकडा २५ असतां एक मेगओहमहि राहत नाहीं. १९३१ मध्यें स्यूट्स आणि डनलॅप यांनीं विजेच्या साहाय्यानें लांकडांतील ओल ठरविण्याच्या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला, आणि मॉइश्चर मीटर प्रयोगशाळेंतून लांकडाच्या वखारींत आला. दोन सुया लांकडांत टोंचावयाच्या आणि कांटा पाहावयाचा. एका क्षणांत उत्तर. पुढें सुया न टोंचतां नुसता पृष्ठभागावर टेंकवावयाचा दुसरा प्रकारहि प्रचारांत आला.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. हें यंत्र पाणी मोजत नाहीं; तें विजेचा अडथळा मोजतें, आणि त्यावरून पाण्याचें अनुमान करतें. म्हणून लांकडाची जात बदलली कीं उत्तरांत दुरुस्ती करावी लागते. लांकूड तापलेलें असेल तर तें असल्यापेक्षां ओलें भासतें. कूज टाळण्यासाठीं लांकडाला क्षारांचें पाणी पाजलेलें असेल तर कांटा उगीचच वर चढतो. शेंकडा सहा-सातच्या खालीं अडथळा इतका वाढतो कीं मोजणें कठीण, आणि शेंकडा तीसच्या वर वाचन विश्वासार्ह राहत नाहीं. पृष्ठभागावर पडलेलें दंवहि यंत्रास फसवितें; यासाठीं जाणता मनुष्य सुया निरनिराळ्या खोलीपर्यंत टोंचून पाहतो.

विटा, चुना आणि काँक्रीट यांच्या बाबतींत तर अधिकच सावधगिरी हवी. भिंतींत क्षार असतात, आणि लांकडासाठीं आंखलेल्या पट्टीवर विटेचें वाचन घेतलें तर येणारा आंकडा खरी टक्केवारी नसतो. ही जागा त्या जागेहून अधिक ओली, एवढेंच त्यावरून म्हणतां येतें. नक्की आंकडा हवा असल्यास भिंतींतून काढलेला चुरा बंद डब्यांत कॅल्शियम कार्बाइडबरोबर हलवितात. पाण्याशीं त्याचा संयोग होऊन ॲसिटिलीन वायु निघतो, आणि त्याच्या दाबावरून पाणी किती होतें तें कळतें.

पुण्या-साताऱ्याकडील जुन्या वाड्यांच्या दुरुस्तींत या साऱ्या ज्ञानाची खरी परीक्षा होते. सागवानी तुळयांचीं टोकें तेथें भिंतींत गाडलेलीं असतात, आणि कूज लागते ती बहुधा त्या न दिसणाऱ्या टोकांना. मधला भाग शाबूत दिसतो म्हणून घर निर्धोक समजावें, तर एखाद्या पावसाळ्यांत माडी खालीं येते. एके ठिकाणीं ओल दिसली म्हणून सारें लांकूड टाकून द्यावें, तर शंभर वर्षें टिकलेली आणि पुढेंहि टिकणारी तुळई वायां जाते. भिंतीपासून वीतभर अंतरावर सुया टोंचीत गेलें म्हणजे ओल कोणत्या बाजूनें वाढत आहे तें दिसतें, आणि त्या खुणेनें माग काढला तर फुटलेलें कौल किंवा तुंबलेली पन्हळ सांपडते. पुष्कळदां तुळई न बदलतां पन्हळ दुरुस्त करणें एवढेंच काम उरतें.

लांकडाचा कोरडेपणा हा त्याचा कायमचा गुण नव्हे, हेंच या इतिहासाचें तात्पर्य आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ३० असेल तेथें लांकूड शेंकडा सहाच्या सुमारास स्थिरावतें. ६५ असेल तेथें बारावर, आणि ८५ असेल तेथें अठराच्या जवळ. देशावरच्या कोरड्या हवेंत मुरलेली फळी कोंकणांत नेली कीं ती ओली होणारच. म्हणून ‘लांकूड वाळलें आहे काय’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘ज्या घरांत तें राहावयाचें आहे त्या घरापुरतें वाळलें आहे काय’ हा खरा प्रश्न. यंत्र यांतला अर्धा भाग सांगतें. उरलेला अर्धा भाग घर, ऋतु आणि भिंत ओळखणाऱ्या मनुष्याला ठरवावा लागतो. आणि जुन्या सुताराचें काम तेथें अजून संपलेलें नाहीं.