पुढचं दार, मागचं दार

ॲमस्टरडॅमच्या ‘कॉफीशॉप’मध्ये लोक मुख्यतः गांजासाठी जातात. नेदरलँड्सने १९७६ साली अफू कायदा बदलून गांजा-चरस एकीकडे आणि हेरॉईनसारखे घातक पदार्थ दुसरीकडे ठेवले. गांजा ओढणाऱ्या पोराची हेरॉईनवाल्याशी गाठच पडू नये, हा हेतू. गांजा कायदेशीर झाला नाही, बरं का! अटी पाळल्या तर खटला भरत नाहीत, एवढंच: जाहिरात नको, १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नको, गिऱ्हाइकाला ५ ग्रॅमपर्यंत, दुकानात साठा ५०० ग्रॅमपर्यंत. पण दुकानदाराने माल आणायचा कुठून? ॲमस्टरडॅममध्ये त्याची घाऊक खरेदी गुन्हाच! पुढच्या दाराने विक्री, मागच्या दाराने गुन्हेगार. अर्धी डोळेझाक केली, की उरलेला अर्धा धंदा कुणाच्या हाती जातो, ते इथे दिसतं.