अशील

सनद हातात पडून जेमतेम महिना झालेला ज्युनिअर सकाळी बोर्ड बघतो, सीनिअरच्या फायली लावतो, कुठे पुरसिस तर कुठे मुदतीचा अर्ज देतो. बहुतेकदा त्याच्या हाती पहिलं येतं ते वकीलपत्र भरायचं काम. दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं, कल्याण निधीचं तिकीट, आणि सही अशिलाची.

हा शब्द लॉ कॉलेजात फारसा भेटत नाही. तिथे असतो तो क्लायंट. ‘अशील’ कानावर पडतो कोर्टाच्या व्हरांड्यात. मूळ अरबी ‘असील’, म्हणजे मुळातला. ज्याचं काम तो असील, ज्याच्यावर ते सोपवलं तो वकील, अशी ही अरबी कायद्यातली जोडी. आपलं ‘अस्सल’ही त्याच धातूचं. वकील कोर्टाआधी दरबारात वावरला: दिल्लीत पेशव्यांची बाजू सांभाळणारे हिंगणे त्यांचे वकीलच होते.

कायद्यानेही अशिलाचं हे मूळपण राखलंय. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या आदेश ३, नियम ४ नुसार लेखी, सहीची नेमणूक असल्याशिवाय वकिलाला पक्षकाराच्या वतीने काम करता येत नाही. म्हणूनच सहीआधी मजकूर वाचून दाखवणारा ज्युनिअर खरा कामाचा. नुसतं ‘इथे सही करा’ म्हणणं अशिलावर अन्यायच आहे.

अशील वारला की ते वकीलपत्रही संपतं. मग वारसांना रेकॉर्डवर आणायचा अर्ज होतो आणि ज्युनिअर नवा फॉर्म भरायला घेतो.