कोरड्या मुलखाचे भोई

मासेमारी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कोकणची किनारपट्टी आणि कोळीवाडे उभे राहतात. फार तर भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलाव आणि तेथील ढिवर आठवतात. परंतु ज्वारी-कपाशीच्या काळ्या रानांकरिता प्रसिद्ध असलेल्या बुलढाणा जिल्ह्याचे नाव या संदर्भात सहसा कोणी घेत नाही. असे असूनही या जिल्ह्याच्या नदीकाठच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर पोट भरणारी भोई मंडळी राहत आली आहेत. आणि जेथे पाणीच वर्षातून काही महिने असते तेथे पाण्यावर प्रपंच कसा उभा राहिला, हा प्रश्न कोणत्याही तहनाम्याइतकाच इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घेण्याजोगा आहे.

अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग केले आहेत. घाटावरचे पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा यांच्या वाटेने गोदावरीला मिळून पूर्वसमुद्राकडे जाते, तर घाटाखालचे पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांतून पूर्णेत आणि पूर्णेतून तापीत उतरून पश्चिमसमुद्राची वाट धरते. एका जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना पोचावे, हे भूगोलाचे वैभव खरे. पण त्या वैभवाचा मुक्काम थोडा. पावसाळा सरला की प्रवाह रोडावतात, फाल्गुन-चैत्रात वाळू उघडी पडते आणि मासा तेवढा खोल डोहांत तग धरून राहतो. बारमाही पाणी म्हणावे तर ते लोणारच्या सरोवराचे. परंतु उल्कापाताने निर्माण झालेल्या त्या विवरातील पाणी इतके क्षारयुक्त की त्यात मासा जगत नाही. मोगलाईत वऱ्हाड सुभ्याच्या मेहकर सरकारचा उल्लेख करताना मोगल दरबारचा इतिहासकार अबुल फजल याने लोणारची नोंद घेतली, ती काच आणि साबण यांना लागणाऱ्या द्रव्याकरिता आणि त्यापासून येणाऱ्या महसुलाकरिता. तेथील दल्ला, पापडी, भुस्की या क्षारांचा हिशेब दप्तरात राहिला. डोहातल्या मरळीचा आणि शिंगटीचा हिशेब मात्र भोयाच्या घरातच राहिला.

तो हिशेब वर्षाच्या ऋतुचक्राशी जुळवून घेतलेला होता. हिवाळ्यात पाणी निवळले की जाळी आणि गळ. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खड्डे घेऊन, खत घालून टरबूज, डांगर, काकडी यांच्या वाड्या. लग्नसराईत आणि बड्या मंडळींच्या प्रवासात खांद्यावर पालखी किंवा मेणा. आणि घरी बारमाही पेटणारी फुटाण्यांची भट्टी. यांतील योजकता श्रावणात विशेष दिसून येते. चातुर्मासामुळे मासळीचे गिऱ्हाईक घटते, आणि नेमक्या त्याच सुमारास नागपंचमीच्या लाह्यांकरिता भट्टीसमोर गर्दी होते. शिवाय हाच काळ माशांच्या प्रजननाचा. लोकांचा उपवास, भट्टीची कमाई आणि डोहाची विश्रांती ही तिन्ही एका महिन्यात यावीत, असा बेत कोणी हुकूम काढून केलेला नव्हता. अनुभवाने तो आपोआप घडत गेला.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाच्या अमलातून इंग्रजांच्या कारभारात आले, आणि पुढच्या दीड दशकात मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून नागपूरकडे आगगाडी धावू लागली. घाटाखालून लोहमार्ग गेला, पक्क्या सडका झाल्या आणि खांद्यावरचा मेणा हळूहळू केवळ लग्नकार्यापुरता व देवाच्या पालखीपुरता उरला. एका धंद्यावरच विसंबलेली कुटुंबे अशा वेळी देशोधडीला लागतात. भोयांचे तसे झाले नाही, कारण त्यांच्या चार धंद्यांपैकी एकच बुडाला होता. छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळून निघाले, तेव्हा डोह आणि वाळू यांनीही हात आखडता घेतला; तथापि ज्याला नदीचे खोल ठिकाण कोठे, झरा कोठे फुटतो आणि कोणत्या दरडीखाली मासा दडतो याचे ज्ञान आहे, त्याच्यापाशी इतर भूमिहीनांहून एक साधन अधिक असते, हे मान्य केले पाहिजे.

हे ज्ञान पुस्तकातून मिळत नसे. जाळे विणणे हीच पहिली शाळा. नायलॉन येण्यापूर्वी सुताचे किंवा सणाचे दोर घरी वळीत. बांबूची चीप मापाला धरून गाठीमागून गाठ घालीत. तयार जाळे कुजू नये म्हणून सालींच्या काढ्यात मुरवीत आणि फेकजाळ्याच्या घेराला शिशाचे मणी ओवीत. जाळ्याचा आस, म्हणजे छिद्राचे माप, किती ठेवायचा, म्हणजेच कोणता मासा धरायचा आणि कोणता सोडायचा, हा निर्णय मुलगा नदीवर जाण्यापूर्वी ओसरीवरच होऊन जाई. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर अंडी घालण्यास प्रवाहाविरुद्ध वर चढणारे चढणीचे मासे ओढ्याच्या उथळ पाण्यात हाताने धरता येतात. अंगणात चालून आलेला तो लाभ आवरता घेणे ही संयमाची खरी कसोटी. मरळीची जोडी आपल्या पिलांच्या थव्याभोवती राखण करीत फिरते आणि मधून मधून हवा घेण्याकरिता पृष्ठभागी येते. त्या क्षणी जाळे टाकले तर जोडी हाती लागते, पण राखण गेलेला थवा इतर माशांच्या तोंडी पडतो. जाणता भोई अशा वेळी मुलाचा हात धरीत असे. गेळासारखी विषारी फळे किंवा सुरुंगाची दारू पाण्यात टाकून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्याने मनाई केली. परंतु डोह एका रात्रीत रिता करणारा माणूस पुढील साली काय खाणार, हा विचार कायद्याच्याही आधी या घरांत रुजलेला होता.

या व्यवसायाचा अर्धा भार बायकांनी उचलला, याचा उल्लेख दप्तरात क्वचितच आढळतो. पुरुषाने पहाटे काढलेली मासळी दुपारच्या आत विकली गेली नाही तर नासते. म्हणून टोपली डोक्यावर घेऊन आठवडी बाजार गाठणे, सोमवार, गुरुवार, एकादशी ध्यानात ठेवून भाव उतरवणे किंवा ताणणे, उधारी तोंडी लक्षात ठेवणे आणि उरलेली मासळी वाळवून पावसाळ्याची बेगमी करणे ही सारी तिची कामे. व्यवहारचातुर्य आणि निर्भीडपणा यांचे शिक्षण मुलींना या टोपलीमागे चालतानाच मिळत गेले.

स्वातंत्र्यानंतर पाण्याचे रूपच पालटले. नळगंगा, ज्ञानगंगा, पेनटाकळी आणि ‘संत चोखासागर’ या नावाने ओळखला जाणारा खडकपूर्णेचा जलाशय अशी धरणे क्रमाने झाली आणि कोरड्या मुलखात विस्तीर्ण जलपृष्ठ पसरले. त्यात सोडायला मासे मिळाले ते दूरच्या एका प्रयोगामुळे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात आपण होऊन अंडी देत नसल्यामुळे या शोधावाचून आजचा जलाशयातील व्यवसाय उभाच राहिला नसता. त्यामुळे जिरे, मत्स्यबीज, बोटुकली (बोटभर वाढलेली पिले) हे शब्द भोयाच्या बोलण्यात आले. सहकारी संस्था, सभासदत्व, ठेका, लिलाव, मुदत हेही आले. डोंग्याच्या जोडीला कागद आला, आणि जो कागद वाचू शकत नव्हता त्याच्या हातून पाणी दुसऱ्याच्या नावावर जाऊ लागले. कित्येक घरांतील पहिली शिकलेली पिढी संस्थेचा पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळण्याच्या निमित्तानेच शाळेत टिकली असावी, असे मानण्यास जागा आहे.

धरणाने भोयाला बारमाही पाणी दिले, यात संशय नाही. पण त्याच वेळी वाळूतील वाड्या आणि नदीचे डोह यांचा आधार काढून घेऊन त्याला एकाच धंद्याचा माणूस केले. पूर्वी एक आधार तुटला तर तीन शिल्लक राहत. आता बोटुकली वेळेवर सोडली गेली नाही, किंवा पाऊस हुकून जलाशय तळाला गेला, तर सारे वर्ष वाया जाते. शिवाय ठराविक मुदतीचा ठेका घेणारा माणूस स्वाभाविकपणे मुदतीपुरताच मासा पाहतो. ज्या घरांनी एकेकाळी बारीक आसाचे जाळे वापरायचे नाही असे ठरवले, त्यांना पुढील पिढीही याच डोहावर येणार याची खात्री होती. म्हणून या व्यवसायाचा उत्कर्ष साधायचा असेल तर काठावरच्या भोई कुटुंबांना पाण्यावर दीर्घ मुदतीचा हक्क देणे आणि भट्टी, वाडी यांसारख्या त्यांच्या जोडधंद्यांना पतपुरवठा करणे, या दोन गोष्टी मत्स्यबीजाइतक्याच आवश्यक आहेत. कोरड्या मुलखात भोई तगला तो पाण्याच्या विपुलतेने नव्हे. उद्याचे पाणी आपले आहे या विश्वासावर आजचा हात आवरण्याची जी शिस्त त्याच्या घरात होती, तिच्या बळावर तो तगला, आणि तो विश्वास परत देणे शासनाच्या हाती आहे.